एनआयडब्ल्यूसाठी २१४ सायटेशन पुरतात का?

अमेरिकेत मालकाशिवाय, स्वतःच्या अर्जावर ग्रीन कार्ड मागायच्या वाटांपैकी दोन म्हणजे एनआयडब्ल्यू (देशहितासाठी मालकाची अट माफ करणारी सवलत) आणि ईबी-१ए (असामान्य कामगिरीवाल्यांचा गट). सायटेशन म्हणजे इतरांच्या पेपरांत आपल्या पेपरचा आलेला उल्लेख. प्रश्न असा आला: “मूळचा सांगलीचा. सिव्हिल, मग अमेरिकेत एम.एस. आणि पीएच.डी. विषय काँक्रीटमधल्या सळ्यांचं गंजणं. सध्या एका विद्यापीठात पोस्टडॉक, एच-१बीचं दुसरं वर्ष. ११ पेपर, त्यातले ५ फर्स्ट ऑथर, २१४ सायटेशन, १९ पेपरांचं रिव्ह्यू केलंय. एक वकील म्हणतो आजच सही करा, नामंजूर झालं तर पैसे परत. दुसरा म्हणतो ५०० सायटेशन होईपर्यंत थांबा. एनआयडब्ल्यू करू की ईबी-१ए? (पत्नी एच-४वर आहे, बालपण मस्कतला गेलंय तिचं, तिलाही इथे नोकरी करायची आहे.)”

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी वकील नाही. पवनचक्कीच्या पात्यांच्या फटीगवर काम करणारा मेकॅनिकलवाला आहे. २०१४ साली माझं स्वतःचं एनआयडब्ल्यू नामंजूर झालं, २०१७ साली दुसरं मंजूर झालं. तेव्हापासून साठ-एक पिटिशन सही होण्याआधी वाचून दिली आहेत. जुने मित्र, त्यांचे विद्यार्थी, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत भेटलेली पोरं. पैसे घेत नाही, त्यामुळे तोंडावर वाईट बोलायची मुभा असते. कागद पाठवण्याआधी मात्र वकिलाची नजर फिरू द्या.

तुम्ही दोन प्रश्न एकात बांधले आहेत: मंजुरी कशी मिळेल, आणि मंजुरी मिळाल्यावर हातात काय पडेल. बहुतेक जण पहिल्यावरच अडकतात. मी दुसरा आधी घेतो, कारण एनआयडब्ल्यू की ईबी-१ए याचं उत्तर तिथे आहे.

आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठीचं पिटिशन, मंजूर होणं म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. मंजुरीने तुम्हाला रांगेत जागा मिळते आणि त्या जागेवर तारीख असते, प्रायॉरिटी डेट. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्ड, त्यात बायकामुलंही मोजली जातात. त्यातला २८.६ टक्के वाटा ईबी-२चा (उच्च पदवीवाल्यांचा गट, एनआयडब्ल्यू यातच येतं), आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना ढोबळमानाने ७ टक्क्यांची मर्यादा. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ची रांग म्हणूनच दहा वर्षांहून मागे आहे. दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन (रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं सरकारी पत्रक) उघडून बघा, पोटात गोळा येईल. माझी मंजुरी २०१७ची आहे आणि ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही. २०१४चं पिटिशन मंजूर झालं असतं तर मी रांगेत तीन वर्षं पुढे असतो. नामंजूर पिटिशनची तारीख मिळत नाही, ती वाहून जाते.

मग मंजुरीचा उपयोग काय? बराच आहे. एच-१बी सहा वर्षांत संपतो, पण आय-१४० मंजूर असेल आणि तारीख लागायची असेल तर तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो. मी असाच टिकून आहे. दुसरं, २०१५पासूनच्या नियमानुसार एच-१बीवाल्याचं आय-१४० मंजूर असेल तर एच-४वरच्या जोडीदाराला नोकरीचा परवाना मागता येतो. म्हणजे तुमच्या पत्नीच्या नोकरीचा प्रश्न ग्रीन कार्डाची वाट न बघता सुटू शकतो. आणि तिसरी गोष्ट, जी वकीलही नीट सांगत नाहीत: ही तारीख तुमच्यासोबत चालते. आज एनआयडब्ल्यू मंजूर झालं आणि चार वर्षांनी ईबी-१ए मंजूर झालं, तर ईबी-१च्या तुलनेने छोट्या रांगेत तुम्ही आजची तारीख घेऊन उभे राहता. पुढे मालकाने लेबर सर्टिफिकेशन (जागेसाठी लायक अमेरिकी माणूस मिळाला नाही याचा सरकारी दाखला) करून वेगळं आय-१४० भरलं तरी तेच.

त्यामुळे “५०० होईपर्यंत थांबा” हा सल्ला मला पटत नाही. थांबलात तर तारीख जाते. पण “आजच सही करा” हाही पटत नाही. का, ते सांगतो.

एनआयडब्ल्यू म्हणजे ईबी-२मधली सवलत. एरवी ईबी-२साठी मालक लागतो, आणि मालकाला जाहिरात देऊन दाखवावं लागतं की या जागेसाठी लायक अमेरिकी माणूस मिळाला नाही. देशाचं हित असेल तर ही अट माफ करता येते आणि माणूस स्वतःच अर्ज करू शकतो. कुणाला माफ करायची, याची कसोटी कायद्यात लिहिलेली नाही, ती निकालांतून आली. योगायोग बघा, १९९८ सालचा पहिला मोठा निकाल न्यू यॉर्क राज्याच्या वाहतूक विभागाचा होता आणि त्यातला माणूस पुलांचाच इंजिनिअर होता. पुलांचं काम मोलाचं आहे हे मान्य झालं, देशव्यापी आहे हेही मान्य झालं. तरी नामंजूर. तितक्याच पात्रतेचा अमेरिकी माणूस मिळत असेल तर लेबर सर्टिफिकेशन का माफ करायचं, याचं समाधानकारक उत्तर नव्हतं. पुढची अठरा वर्षं ती कसोटी चालली आणि माझ्यासारख्या कित्येकांचे अर्ज तिच्यावर आपटले.

२७ डिसेंबर २०१६ला धनासर निकाल आला. हा निकाल तुम्ही स्वतः वाचा, वकिलाचा सारांश नको. त्यातला अर्जदारही इंजिनिअरिंग संशोधक आहे: अतिवेगवान विमानांच्या प्रोपल्शनवर संगणकीय मॉडेल करणारा, नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी विद्यापीठातून पीएच.डी. झालेला. खालच्या अधिकाऱ्याने नाकारलं होतं, अपीलात मंजूर झालं. त्यात तीन कसोट्या ठरल्या आणि आजही त्याच लागू आहेत. तुम्ही जे करणार आहात त्याला मोल आणि राष्ट्रीय महत्त्व आहे का. ते पुढे नेण्याच्या स्थितीत तुम्ही आहात का. आणि नोकरीची व लेबर सर्टिफिकेशनची अट माफ करण्यात देशाचा एकंदरीत फायदा आहे का. पुरावा फौजदारी खटल्यासारखा ठाम लागत नाही, पारडं तुमच्या बाजूला किंचित झुकलं तरी पुरे.

निकालातलं एक बारकं वळण बघा. त्या माणसाने संशोधनाबरोबर शिकवण्याचाही दावा केला होता. संशोधनाला राष्ट्रीय महत्त्व मिळालं, शिकवण्याला नाही. त्याच्या वर्गाबाहेर पडेल असा परिणाम दाखवलेला नव्हता. तरी आजही दर दुसऱ्या पिटिशनमध्ये मला “मी भावी पिढ्या घडवणार” असा परिच्छेद सापडतो. काढून टाका.

आता तुमच्या २१४कडे. पहिल्या कसोटीत सायटेशनचा आकडा जवळजवळ बसतच नाही. तिथे प्रश्न आहे प्रपोज्ड एन्डेव्हरचा, म्हणजे पुढे तुम्ही नेमकं काय करणार आहात याचा. मागे किती केलं, हा दुसऱ्या कसोटीचा विषय. आपण पीएच.डी.वाले हीच गफलत करतो. आपल्याला वाटतं व्हायव्हा आहे, समोर परीक्षक बसलाय, त्याला कामाची खोली दाखवायची. समोर परीक्षक नसतो. समोर एक अधिकारी असतो, ज्याच्या टेबलावर तुमच्या आधी हृदयरोगाचा संशोधक होता आणि तुमच्या नंतर रेस्टॉरंट उघडणारा आहे. क्लोराइड म्हणजे काय हे त्याने शोधून बघावं अशी अपेक्षा करू नका. तुमचं काम, देशाची गरज आणि तुम्ही, या तिघांना जोडणारा धागा त्याला कागदावर आयता मिळाला पाहिजे. माझ्या २०१४च्या पिटिशनमध्ये सव्वीस पानं पात्यांच्या लॅमिनेटवर होती आणि पुढच्या कामाबद्दल एक ओळ: “अर्जदार पवनऊर्जेच्या क्षेत्रात संशोधन सुरू ठेवेल.” ते पिटिशन एका कार्यालयाने तयार केलं होतं, पण ती ओळ मी वाचून सही केली होती, म्हणून दोष माझाच.

तुमचे पेपर मी पाहिलेले नाहीत, तेव्हा अंदाजाने एक उदाहरण रचतो. “मी काँक्रीटमधील गंजरोधावर संशोधन करून अमेरिकेच्या पायाभूत सुविधा मजबूत करणार आहे.” असं वाक्य शंभर जण लिहितात, आणि ते व्यवसायाचं वर्णन आहे. व्यवसाय महत्त्वाचा असल्याने तुमचं काम महत्त्वाचं ठरत नाही, हे अधिकारी नकारात शब्दशः लिहितात. त्याऐवजी असं: “हिवाळ्यात मीठ टाकल्या जाणाऱ्या रस्त्यांवरच्या पुलांचा डेक न फोडता, पृष्ठभागावर मोजलेल्या विद्युतरोधावरून आतली सळई कधी गंजू लागेल हे सांगणारं मॉडेल मी पूर्ण करणार आहे, ते बर्फाळ राज्यांच्या तपासणीच्या नोंदींशी ताडून बघणार आहे, आणि राज्याच्या वाहतूक विभागातल्या तपासनिसाला वापरता येईल अशी कार्यपद्धत म्हणून प्रसिद्ध करणार आहे.” आता अधिकाऱ्याला दिसतं की काम कुठून कुठे जाणार, कोण वापरणार आणि ते एका प्रयोगशाळेपुरतं का नाही.

पार्श्वभूमी तुमच्या बाजूची आहे. अमेरिकेत ६ लाखांहून जास्त पूल नोंदलेले आहेत, आणि नोव्हेंबर २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यात पुलांसाठी सुमारे ४० अब्ज डॉलर ठेवले गेले. देशाने स्वतःच पैसे ओतून “हे महत्त्वाचं” म्हटलंय, तर ते त्याच्याच कागदांतून दाखवा. मिठाचं शास्त्र दोन वाक्यांत उरका: क्लोराइड झिरपत सळईपर्यंत जातं, गंज फुगतो, काँक्रीट आतून फुटतं. कोकणात खाऱ्या वाऱ्याने स्लॅबचे पोपडे पडतात ते पाहिलेल्या माणसाला एवढं पुरतं, आणि अधिकाऱ्यालाही. एक मोह टाळा. २८ जानेवारी २०२२ला पिट्सबर्गमधला फर्न हॉलो पूल कोसळला, कारण गंजच होतं. पण तो पोलादी पूल होता. तुंबलेल्या निचऱ्यामुळे पाणी आणि कचरा साचून त्याचे पाय खाल्ले गेले होते. तुमचं काम काँक्रीटमधल्या सळ्यांचं. ओढूनताणून जोडलंत तर तुम्हाला पत्र देणारा प्राध्यापकच आधी भुवया उंचावेल.

दुसऱ्या कसोटीत २१४चा उपयोग आहे, पण आकडा म्हणून कमी. यूएससीआयएसने (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने) सायटेशनची किमान संख्या कुठेच ठरवलेली नाही. काँक्रीटच्या टिकाऊपणातले २१४ आणि मशीन लर्निंगमधले २१४ यांची तुलनाच होत नाही. म्हणून तुमच्या क्षेत्रात, त्याच वर्षी आलेल्या पेपरांत तुमचा पेपर कुठल्या टक्केवारीत बसतो ते दाखवा. सगळ्या ११ पेपरांचं नको, ज्या दोन-तीनवर एन्डेव्हर उभं आहे त्यांचं.

मी प्रत्येकाला सांगतो ते काम एका रविवारी उरका. चहाचा थर्मास घेऊन बसा आणि २१४ सायटेशन एक-एक उघडा. तुमची स्वतःची आणि गाइडची आधी बाजूला काढा. उरलेल्यांचे ढीग करा. सगळ्यात मोठा ढीग निघेल तो “अनेकांनी अभ्यास केला आहे [४–१७]” अशा घोळक्यात नुसतं नाव आलेल्यांचा. तो विसरा. मग ज्यांनी तुमच्या निष्कर्षावर चर्चा केली ते. आणि शेवटी, ज्यांनी तुमची पद्धत, समीकरण किंवा डेटा खरोखर वापरला ते. हा शेवटचा ढीग सात-आठांचा असला तरी तोच तुमचा पुरावा. प्रत्येकाचं ते पान जोडा आणि ओळीला पिवळा रंग लावा. त्यात एखाद्या राज्याच्या वाहतूक विभागाचा अहवाल निघाला, किंवा अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या गंजाबद्दलच्या २२२ क्रमांकाच्या समितीच्या कामात तुमचा हातभार असला, तर त्याचं वजन शंभर सायटेशनपेक्षा जास्त धरा. साठ पिटिशनमध्ये मी पाहिलंय, १२० सायटेशनवाला असा पिवळा ढीग घेऊन पार होतो आणि ७००वाला नुसता आलेख लावून आरएफई (आणखी पुरावा मागणारं पत्र) घेऊन येतो. नेहमीच नाही. पण इतक्या वेळा की आता मी आकडा शेवटी विचारतो.

धनासर निकालात याच कसोटीबद्दल एक दिलासा आहे. तुम्ही यशस्वी होणारच, किंवा होण्याची शक्यता जास्त आहे, असं सिद्ध करावं लागत नाही. संशोधन फसू शकतं हे निकालच मान्य करतो. त्या अर्जदाराच्या बाजूने मोठा पुरावा होता तो संशोधनाला मिळालेल्या सरकारी निधीचा आणि त्यातल्या त्याच्या जबाबदारीचा. तुमच्या लॅबच्या ग्रँटमध्ये प्रस्तावाचा कुठला भाग तुम्ही लिहिला, कुठलं काम तुमच्या नावावर आहे, हे गाइडच्या पत्रात स्पष्ट येऊ द्या. “टीमचा बहुमोल सदस्य” या शब्दांना किंमत नाही.

पत्रांविषयी थोडं जास्त बोलतो, कारण इथे मराठी माणसाचा संकोच आड येतो. पाच-सहा पुरेत. दोन जवळच्यांची, गाइड आणि एखादा सहकारी, जे आतली गोष्ट सांगतील. बाकीची तुमच्याशी संबंध नसलेल्यांची. ती कुठून आणायची? त्या शेवटच्या ढिगातून. ज्यांनी तुमची पद्धत वापरली त्यांना सरळ ईमेल करा: तुम्ही अमुक पेपरमध्ये माझं मॉडेल वापरलंत, मी अमुक अर्ज करतोय, तुम्ही ते का निवडलंत आणि काय निष्पन्न झालं एवढं लिहून द्याल का. “अनोळखी माणसाला कसं विचारायचं” म्हणत आपण सहा महिने घालवतो. माझ्या अनुभवात निम्मे तरी हो म्हणतात. इथे हा रिवाजाचा भाग आहे आणि कित्येक जण स्वतः याच रस्त्याने आलेले असतात. मसुदा तुम्हीच द्यावा लागतो हे खरं, पण प्रत्येकाला वेगळे मुद्दे द्या आणि वाक्यं त्याची येऊ द्या. मला एकदा एक आरएफई वाचायला आली होती. तीन खंडांतल्या तीन प्राध्यापकांच्या पत्रांत एकाच शब्दाचं एकच चुकीचं स्पेलिंग होतं. अधिकाऱ्याने ते टिपलं होतं. आणि पत्रात म्हटलेल्या प्रत्येक गोष्टीला कागदाचा आधार जोडा, नुसत्या स्तुतीवर निर्णय होत नाही.

तिसऱ्या कसोटीवर लोक अर्धं पान लिहून मोकळे होतात. “लेबर सर्टिफिकेशनला फार वेळ लागतो” हे कारण चालत नाही, १९९८पासून चाललेलं नाही. तुमचं कारण याहून चांगलं आहे. लेबर सर्टिफिकेशनला कायम स्वरूपाची नोकरी लागते, पोस्टडॉक ठरावीक मुदतीची असते. शिवाय ती प्रक्रिया जागेसाठीची किमान पात्रता तपासते, आणि तुमचं काम एका मालकापुरतं नाही, ते विद्यापीठ आणि राज्यांचे विभाग यांच्यामध्ये घडणार आहे. हे सगळं पिवळ्या ढिगाकडे बोट दाखवत लिहा.

काळ बदललाय, तेही लक्षात घ्या. जानेवारी २०२२मध्ये यूएससीआयएसच्या धोरणात स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) शाखांच्या पीएच.डी.धारकांना अनुकूल मजकूर आला आणि त्यानंतर अर्जांचा पूर लोटला. १५ जानेवारी २०२५ला धोरण पुन्हा सुधारलं गेलं आणि पदवी व एन्डेव्हर यांचा संबंध दाखवण्यावर भर आला. तुमचा संबंध सरळ आहे, काळजी नको. पण २०२२मध्ये मंजूर झालेलं मित्राचं पिटिशन नमुना म्हणून घेऊ नका. तेव्हा जे ढिसाळपणे पार झालं ते आज अडकतं.

ईबी-१एबद्दल: दहा निकषांपैकी किमान तीन लागतात. कागदावर तुमचे दोन सहज होतात, पेपर आणि १९ रिव्ह्यू. तिसरा, मूळ आणि मोठं योगदान, ओढून आणता येईल. पण २०१०च्या काझारियन खटल्यापासून तीन निकष मोजल्यावर दुसरी पायरी येते: हा माणूस खरंच क्षेत्राच्या अगदी माथ्यावरच्या थोड्यांपैकी आहे का? पोस्टडॉक असताना, तुम्ही दिलेल्या माहितीवरून, माझं उत्तर आज नाही असं आहे. तीन-चार वर्षांनी, एखादी राज्यस्तरीय मान्यता आणि स्वतःच्या नावाची ग्रँट आली की पुन्हा बघू. ईबी-१बी (नामवंत संशोधकांचा गट) विद्यापीठाने भरायचं असतं आणि कायम स्वरूपाचं संशोधनपद लागतं, त्यामुळे पोस्टडॉकला सहसा मिळत नाही.

दोन वकिलांपैकी पैसे परत देणारा वाईटच असतो असं नाही. त्याचं गणित समजून घ्या. तो आधी तुमचा सीव्ही मागवतो आणि चाळणी लावतो. त्याच्या जाहिरातीतली यशाची टक्केवारी ही त्या चाळणीची असते, लेखनाची नव्हे. तुम्हाला घेतलं याचा अर्थ तुम्ही त्याच्या आकड्यात बसलात एवढाच. त्याला दोन गोष्टी विचारा: माझं एन्डेव्हर कोण लिहिणार, आणि आरएफई आली तर उत्तर याच फीमध्ये का? पहिल्याचं उत्तर “आमच्याकडे टेम्प्लेट आहे” असेल तर उठा.

आरएफईला घाबरू नका, पण एक नियम पाळा. उत्तर देण्याची संधी एकदाच मिळते. कमाल १२ आठवडे असतात आणि जे पाठवायचं ते एकत्रच. आज थोडं, पुढच्या महिन्यात उरलेलं, असं होत नाही. प्रीमियम प्रोसेसिंगचा (जादा फी भरून लवकर निर्णय घेण्याचा) प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. एनआयडब्ल्यूला ४५ कामकाजाचे दिवस, ईबी-१एला १५. त्यात निर्णय किंवा आरएफई लवकर येते, मंजुरीची शक्यता वाढत नाही. तुमची तारीख पिटिशन पोचल्याच्या दिवसापासूनच धरली जाते, प्रीमियम घ्या वा न घ्या. तुमच्या बाबतीत घ्यायचं एकच कारण दिसतं, पत्नीचा कामाचा परवाना.

पीएच.डी.च्या काळात तुम्ही कधी जे-१वर (एक्स्चेंज व्हिसावर) होता का, हे प्रश्नात नाही. असाल तर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू आहे का ते जुन्या कागदांवर बघून घ्या. तिच्यामुळे आय-१४० अडत नाही, पण शेवटची पायरी अडते. आणि हे वाचणारं कुणी अजून एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) असेल तर: आय-१४० भरल्यावर भारतात जाऊन एफ-१चा नवा शिक्का मागणं जोखमीचं आहे, कारण तुम्ही कायमचं राहण्याचा इरादा लेखी दिलेला असतो. दिवाळीला घरी जायचं असेल तर क्रम आधी ठरवा. तुम्ही एच-१बीवर आहात, तुम्हाला ही अडचण नाही.

आता तुमचा कंस. “बालपण मस्कतला गेलंय तिचं.” तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण सगळ्या प्रश्नात मला तेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. रांग कुठल्या देशाची, हे नागरिकत्वावर ठरत नाही, जन्माच्या ठिकाणावर ठरतं. म्हणून गोव्यात जन्मलेल्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला तरी त्याची रांग भारताचीच राहते. उलट, भारतीय पासपोर्टवाली बाई मस्कतला जन्मली असेल तर तिची रांग ओमानची. आणि नवरा-बायको सोबत अर्ज करत असतील तर मुख्य अर्जदाराला जोडीदाराच्या जन्मदेशाची रांग धरता येते. तुमच्या पत्नीचा जन्म ओमानचा असेल तर तुम्ही भारताच्या रांगेतून बाहेर पडता आणि बाकी जगाच्या ईबी-२च्या रांगेत जाता. तीही कधी कधी थांबते, पण तिची भारताच्या रांगेशी तुलनाच नको. मग ईबी-१एची धडपड तुम्हाला बहुधा करावीच लागणार नाही, आणि वर मी “तारीख सोबत चालते” वगैरे लिहिलं त्याची गरजही उरणार नाही. आखाती देशांत वाढलेल्या कोकणातल्या, गोव्यातल्या कित्येक मुलामुलींना हे माहीतच नसतं. माझ्या ओळखीत एका जोडप्याने सहा वर्षं भारताच्या रांगेत काढली आणि मग कुवेतचा जन्मदाखला बॅंकेच्या लॉकरमधून बाहेर आला.

पण बालपण तिथे जाणं आणि जन्म तिथे होणं यांत फरक आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची आपल्याकडे रीत, त्यामुळे आईवडील मस्कतला आणि मुलीचा जन्म मिरजेच्या हॉस्पिटलात, असंही असू शकतं. तिच्या पासपोर्टवर जन्मस्थान काय छापलंय ते आत्ता बघा. मस्कत असेल तर ओमानचा मूळ जन्मदाखला आणि तिथल्या भारतीय दूतावासातली नोंद सापडते का ते पाहायचं. ते कागद बहुधा सासूबाईंच्या कपाटात असतील. सांगलीत आता सकाळ झाली असेल तर वकिलाच्या आधी त्यांना फोन लावा.